शेवटचं नीट कधी पाहिलं?

“ताई, आठे काय देखी राह्यनात? तठे स्टेजवर बठ्ठा पाव्हना उभा शेतस.”

नवरदेवाचे काका झुलाल मंडपाच्या मागची कनात बाजूला सारून दीपमालाला शोधत आले होते. घामाने त्यांचा फेटा कपाळावर उतरला होता. मंगलाष्टकं झाली होती, कन्यादान आटोपलं होतं, सप्तपदीला अजून वेळ होता. मधल्या वेळात वऱ्हाडी मंडळी नवरा-नवरीशेजारी उभं राहायला रांगेत थांबली होती. फोटो काढणारा वेगळा होता, तो आपलं काम करत होता. पण व्हिडिओवाली बाई जागेवर नव्हती. ती इथे, घराच्या मागच्या ओट्यापाशी, एका लहान मुलीची वेणी घातली जात होती त्याचं शूटिंग करत होती.

वेणी घालत होती ती नवरीची आई, सुंदरबाई. पहाटे चारपासून ती पायांवर उभी होती आणि कन्यादानापर्यंत उपास म्हणून पाणीसुद्धा बेताने पीत होती. कन्यादान झालं तरी तिला जेवायला सवड मिळाली नव्हती. भाची सुटलेली वेणी घेऊन रडत आली, तेव्हा ती पायरीवर टेकली, रिबीन दातांत धरली आणि भरभर पेड घालू लागली. चुलाणावर बट्ट्या तळणाऱ्या आचाऱ्याला तेवढ्यात ती तोंडातल्या रिबिनीसकटच तेलाच्या डब्याबद्दल काहीतरी सांगत होती.

“आले भाऊ, दोनच मिनिटं,” दीपमाला म्हणाली, आणि रिबिनीचं फूल बांधून होईपर्यंत जागची हलली नाही.

झुलाल पुटपुटत गेले. दीपमालाला त्याची सवय होती. गेल्या सहा वर्षांत बहुतेक लग्नांत कोणी ना कोणी काका तिला असं शोधत आले होते.

दीपमाला बिऱ्हाडे सत्तेचाळीस वर्षांची होती. जळगावला पिंप्राळ्यात तिच्या नवऱ्याचा, युवराजचा, फोटो स्टुडिओ होता. मुलीच्या नावावरून त्याचं नाव ‘प्रज्ञा स्टुडिओ’. लग्नाचं शूटिंग युवराज करायचा आणि घरी कॉम्प्युटरवर ते कापून-जोडून, गाणी घालून तयार करायचं काम दीपमालाचं. युवराजचा आवाज मोठा. मंडपात तो शिरला की लग्न त्याच्या हुकमाने चालायचं. नवरीबाई, मान खाली. नवरदेव, खांद्यावर हात. आबा, टोपी सरळ. मुंडावळ्या नीट करायला तो भटजींनाही थांबवायचा, आणि लोकांना ते आवडायचं. दीपमाला त्याच्याबरोबर एक-दोनदा गेली होती, पण अनोळखी माणसाला ‘इकडे बघा’ म्हणायचं तिला काही जमलं नाही. युवराज हसायचा. म्हणायचा, तुझा आवाज तुझ्या शेजारच्यालाही ऐकू येत नाही.

सहा वर्षांपूर्वी नरडाण्याकडच्या एका लग्नात हुकूम देता देताच युवराजची जीभ जड झाली. शब्द एकमेकांत अडकायला लागले, तोल जायला लागला. लोकांना वाटलं, फोटोग्राफर पिऊन आलाय. कोणीतरी त्याच्या हातातला कॅमेरा काढून घेतला आणि त्याला जनरेटरशेजारी खुर्चीवर बसवून ठेवलं. उतरली की उठेल, असं म्हणाले. युवराजने आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता, पण ते सांगायला त्याच्याकडे बोलणं उरलं नव्हतं. वऱ्हाड निघाल्यावर गाडीवाल्याने त्याला जळगावला आणलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, याला शेवटचं नीट कधी पाहिलं? गाडीवाल्याला माहीत नव्हतं. लग्नघरी फोन केला तर तिथेही कोणाला माहीत नव्हतं. वेळ कळत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी मान हलवली. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालण्यापुरता राहिला, आणि बोलणं आठ-दहा शब्दांवर आलं.

त्या लग्नाचा व्हिडिओ मात्र द्यायचा होता. दवाखान्यातून घरी आल्यावर दहाव्या दिवशी दीपमाला कॉम्प्युटरपुढे बसली. स्टँडवर लावून ठेवलेला दुसरा कॅमेरा सगळा वेळ चालू राहिला होता. त्यात रांगेने उभी असलेली माणसं होती, टोप्या सरळ करत, पदर नीट करत, सगळी समोर बघणारी. आणि चौकटीच्या अगदी कडेला, जनरेटरजवळ, युवराज खुर्चीत कलंडत चालला होता. माणसं त्याच्यासमोरून जात होती, येत होती. दीपमालाने वेळ पाहिली. दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी त्याचा हात खुर्चीवरून खाली लोंबला होता. वऱ्हाड निघालं तेव्हा पाच वाजून गेले होते. ती कडेची पट्टी कापून तिने व्हिडिओ पूर्ण केला आणि देऊन टाकला.

घेतलेल्या तारखा मोडायच्या नाहीत म्हणून पुढच्या लग्नाला ती स्वतः गेली. सांगणं जमत नव्हतं, म्हणून तिने कोणाला काही सांगितलं नाही. जे होत होतं ते घेतलं. आणि समोर उभं राहून कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या माणसांवर तिची नजर ठरेचना. ती सारखी कडेला जायची. उष्ट्या पत्रावळ्या उचलणारी म्हातारी, बूट सांभाळत बसलेला मेहुणा, भिंतीकडे तोंड करून डोळे पुसणारा बाप. पहिली दोन-तीन वर्षं लोक रागावले. एकजण म्हणाला, आमच्या व्हिडिओत आमचे साहेब अर्धा मिनिट आणि आचारी दहा मिनिटं. मग एका लग्नात पुण्याहून आलेल्या नवऱ्या मुलाने तिला सांगितलं, काकू, तुम्ही डॉक्युमेंटरी पद्धतीने करता ना, आम्हाला हेच हवं होतं. ती हो म्हणाली आणि घरी येऊन प्रज्ञाला त्याचा अर्थ विचारला. प्रज्ञाने सांगितलं, याला कॅन्डिडही म्हणतात, लोक मुद्दाम शोधत येतात. तेव्हापासून कामं बरी मिळत होती. पाचोऱ्यापासून बारा किलोमीटरवरच्या या खेड्यातलं लग्नही नवरीनेच, जागृतीनेच, ठरवून तिला दिलं होतं.

झुलालकाकांसाठी स्टेजवर जाऊन दीपमालाने पाच मिनिटं रांग टिपली. तिथे स्टँडवर लावलेला आपला दुसरा कॅमेरा चालू आहे हे पाहिलं आणि परत मागे आली.

सुंदरबाई तिथेच होती, पायरीवर. हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने उचलला, आणि दीपमालाला भिंगातून दिसलं की तांब्या हळूहळू कलतोय. पाणी लुगड्यावर सांडत होतं आणि सुंदरबाई ते बघत होती, जणू हात दुसऱ्या कोणाचा आहे. मग तांब्या खाली पडला.

बायका धावल्या. सुंदरबाईची नणंद कुंदाबाई पुढे झाली. “सकायपासून उपाशी शे ती. चक्कर उनी व्हई. लिंबूपानी आना.”

लिंबूपाणी आलं. पेला ओठाला लावला तेव्हा उजव्या कोपऱ्यातून ते हनुवटीवर ओघळलं. कुंदाबाईने पदराने पुसलं आणि पेला पुन्हा लावला.

दीपमालाने कॅमेरा खाली घेतला. बायकांना सारत ती पुढे गेली, सुंदरबाईसमोर बसली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“मावशी, माझ्याकडे बघा. जरा हसा.”

सहा वर्षांत हे वाक्य ती कुठल्याच लग्नात बोलली नव्हती. कुंदाबाईला राग आला. ही काय फोटो काढायची वेळ आहे का, असं ती म्हणाली. पण सुंदरबाई हसली. दिवसभर सगळे तिला हसायला सांगत होते, तसंच तिला वाटलं असावं. डावा गाल वर गेला, डोळा बारीक झाला. उजवी बाजू होती तशीच राहिली.

“आता दोन्ही हात वर करा.”

उजवा हात खांद्यापर्यंतसुद्धा आला नाही.

मग दीपमाला उभी राहिली आणि ओरडली. गाडी काढा, म्हणाली. पहिल्यांदा कोणी ऐकलं नाही, कारण पुढे बँड वाजत होता. ती कनात सारून मंडपात गेली आणि बँडवाल्यांना तिने हात करून वाजवणं थांबवायला लावलं. शे-दीडशे माणसं तिच्याकडे बघायला लागली. नवरीचे वडील प्रेमराज धावत मागे आले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग स्टेजकडे पाहिलं. ते हळू आवाजात म्हणाले की अर्ध्या तासात सप्तपदी होईल, तोपर्यंत तिला आतल्या खोलीत आडवं करू, गावातल्या डॉक्टरला बोलावू. झुलाल म्हणाले, लग्नात असं व्हायचंच, बायका उपाशी राहतात.

“तुमले काय समजस, ताई?” प्रेमराजांनी विचारलं. त्यात राग नव्हता. त्यांना खरंच कोणीतरी सांगायला हवं होतं.

“मला एवढंच समजतं,” दीपमाला म्हणाली. “माझ्या मालकांना असंच झालं होतं आणि लोकांनी तीन तास खुर्चीवर बसवून ठेवलं. अर्धा तास नाही, काका. आत्ता. जळगावला.”

सुंदरबाईचा भाऊ गिरधर इतका वेळ मागे उभा होता. तो एवढंच म्हणाला, “मी तिले लई जास,” आणि बहिणीला उचलूनच गाडीकडे निघाला. कुंदाबाई मागे बसली. प्रेमराजांनी दीपमालाकडे पाहिलं आणि म्हणाले, तुम्हीही जा, तिथे काय सांगायचं ते आम्हाला जमणार नाही. दीपमाला गळ्यात कॅमेरा तसाच घेऊन गाडीत बसली. स्टेजवरचा कॅमेरा चालू राहिला. नवरीला कोणी काही सांगितलं नाही.

पाचोऱ्यात रेल्वेच्या फाटकाशी सात मिनिटं गेली. तिथून जळगावपर्यंत गिरधरने गाडी कुठे थांबवली नाही. सुंदरबाई मध्ये मध्ये बोलत होती, पण ते कळत नव्हतं. एकदा फक्त ‘जागू’ एवढं कळलं.

दवाखान्यात तिला ताबडतोब आत घेतलं, डोक्याचा स्कॅन काढला. मग एक तरुण डॉक्टर बाहेर आला. रक्ताची गुठळी आहे, म्हणाला, विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, पण ते सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आतच. नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं.

“यांना शेवटचं नीट कधी पाहिलं?”

कुंदाबाई रडत म्हणाली की सुंदरबाईला सकाळपासूनच बरं नव्हतं. उठल्यापासून गळून गेल्यासारखी होती, कोणी बोललं तरी धड उत्तर देत नव्हती. कुंदाबाई खोटं बोलत नव्हती. तिला जे आठवत होतं ते ती सांगत होती.

डॉक्टरने घड्याळ पाहिलं. पावणेतीन वाजले होते. सकाळी उठल्यापासून असेल तर नाही देता येणार, तो म्हणाला, आणि आत जायला वळला.

“थांबा,” दीपमाला म्हणाली. “माझ्याकडे आहे.”

तिने कॅमेऱ्यावरचं शूटिंग मागे नेलं. घाईत दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मग तळहाताएवढ्या पडद्यावर सुंदरबाई दिसली, दातांत रिबीन धरून भाचीची वेणी घालताना. दोन्ही हातांची बोटं भरभर चालत होती. आचाऱ्याला ती काय सांगते तेही ऐकू येत होतं. रिबिनीचं फूल दोन्ही बाजूंनी ओढून तिने घट्ट केलं आणि मुलीच्या पाठीवर थाप मारून हसली. पूर्ण हसली. खाली वेळ होती, बारा अठ्ठावन्न. पुढच्या तुकड्यात तांब्या कलला. एक वाजून सहा मिनिटं.

डॉक्टरने ते तीनदा पाहिलं.

“कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे?”

“रोज सकाळी मोबाइलशी लावते. दोन कॅमेऱ्यांची वेळ जुळली नाही तर नंतर जोडताना जमत नाही.”

डॉक्टरने तिच्या कॅमेऱ्याशेजारी स्वतःचा मोबाइल धरला. मिनिटाला मिनिट जुळत होतं. तो आत पळाला. गिरधरने सही केली. तीन वाजून पाच मिनिटांनी इंजेक्शन सुरू झालं.

दीपमाला बाकड्यावर बसली. तेव्हा तिला पहिल्यांदा लग्नाची आठवण झाली. सप्तपदी झाली असेल, पंगती उठल्या असतील, पाठवणीची वेळ जवळ आली असेल. तिने प्रेमराजांना फोन केला. ते म्हणाले, जागृतीला सांगितलंय की आईला चक्कर आली, झोपलीये. मुलगी धुळ्याला सासरी जाईपर्यंत काही बोलणार नाही.

त्या संध्याकाळी दीपमाला घरी आली तेव्हा युवराज दारातच खुर्ची टाकून बसला होता. प्रज्ञाने तिला पाणी आणून दिलं. दीपमालाने सगळं सांगितलं, मंडपापासून दवाखान्यापर्यंत. युवराज लक्ष देऊन ऐकत होता. बँड थांबवल्याचं सांगितलं तेव्हा त्याने हात वर करून तिला मध्येच अडवलं.

“ओरडली?” त्याने विचारलं.

“हो.”

तो हसायला लागला. त्याचं हसू एका बाजूनेच यायचं आणि थांबायला वेळ लागायचा. मग त्याने विचारलं, “किती वेळ?” आणि ती म्हणाली, दोन तास. युवराजने डाव्या हाताने मांडीवरचा उजवा हात उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला. “चांगलं,” तो म्हणाला. प्रज्ञा आत भाकरी थापत होती.

सुंदरबाई वाचली. नवव्या दिवशी घरी गेली. पाय सरळ पडत होता, चेहरा बराचसा जागेवर आला होता. बोलताना शब्दासाठी थांबावं लागायचं आणि उजव्या हाताच्या बोटांना पकड राहिली नव्हती. ती हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

तिकडे नवरदेवाच्या घरी नाराजी होती. झुलालकाकांचा फोन आला. भर मांडवात बँड बंद पाडला, ते म्हणाले. पाठवणी नाही, घास भरवणं नाही, असा कसा व्हिडिओ. स्टँडच्या कॅमेऱ्यात सप्तपदी आली होती, पण पाठवणीच्या आधीच बॅटरी संपली होती. दीपमालाने सगळं ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

महिन्याभराने प्रेमराजांनी फोन केला. जागृती माहेरी येतेय, म्हणाले, जावईही आहेत. तर लग्नातले कपडे घालून, गाडीला फुलं लावून पाठवणी पुन्हा करू आणि ती जोडून टाका, म्हणजे पाहुण्यांचं तोंड बंद होईल. दीपमालाला नाही म्हणणं कठीण गेलं, पण तिने नाही म्हटलं. जे झालं नाही ते झालं असं मला दाखवता यायचं नाही, काका, असं म्हणाली. प्रेमराज दुखावले. दुसऱ्या दिवशी सकाळी जागृतीचा फोन आला.

“काकू, बाबांचं सोडा. कपडेबिपडे काही नाही. आईला माझी ओटी भरायचीये. त्या दिवशी राहून गेली ना. तुम्ही नुसत्या या.”

दीपमाला एकच कॅमेरा घेऊन एसटीने गेली.

घरात मोजकीच माणसं होती. जावई ओसरीवर गिरधरशी बोलत बसले होते. जागृती साध्या सुती साडीत पाटावर बसली होती. समोर दुसऱ्या पाटावर सुंदरबाई, शेजारी सुपात तांदूळ, नारळ, हळकुंडं, खण. ती दीपमालाकडे बघून हसली आणि डाव्या हाताने तिला जवळ बोलावलं. गालावर हात फिरवला. काही बोलायचं होतं, पण शब्द सापडेना, तेव्हा तिने मान हलवून विषय सोडून दिला.

कुंकू लावताना बोट घसरलं आणि जागृतीच्या कपाळावर ते भुवईपर्यंत गेलं. कुंदाबाई पुसायला पुढे झाली. सुंदरबाईने मानेनेच नको म्हटलं. नारळ दोन्ही हातांत धरून तिने पदरात ठेवला. मग तांदळात उजवा हात घातला. ओंजळ जुळेना. डावा हात आणून तिने उजव्याची बोटं एकेक करून वळवली, खाली आधार दिला आणि उचललं. निम्मे तांदूळ वाटेतच सांडले. कुंदाबाईने पुन्हा हात पुढे केला.

“कोनी... हात लाऊ नका,” सुंदरबाई म्हणाली. थोडं थांबली. “मी भरसू.”

प्रेमराज दाराशी उभे होते. ते बाहेर गेले, अंगणात ट्रॅक्टरपाशी जरा घुटमळले आणि परत येऊन तिथेच उभे राहिले. दीपमाला जमिनीवर बसून शूटिंग करत होती. एका हाताने कॅमेरा धरून तिचा खांदा दुखायला लागला होता, पण तिने जागा बदलली नाही.

दुसरी ओंजळ झाली, तिसरी झाली. दर वेळी सुंदरबाई सांडलेल्या तांदळाकडे एकदा बघायची आणि पुन्हा सुपात हात घालायची. जागृती पदर दोन्ही हातांनी पसरून बसली होती. तिचे हात आता भरून आले होते, तरी तिने पदर खाली टेकवला नाही. चौथ्या ओंजळीत तांदूळ आधीपेक्षा थोडे जास्त पोचले.

पाचव्या ओंजळीला सगळ्यांत जास्त वेळ लागला. कोणी घाई केली नाही.